आकाशगंगेच्या बाहेर डोकवायचंय? देवयानी दीर्घिका अशी शोधा

आपल्या आकाशगंगेच्या बाहेर यान पाठवता येईल का, हा प्रश्न खगोलशास्त्रावरच्या कुठल्याही व्याख्यानात हमखास निघतो. हिशेब सरळ आहे. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललंय. आपली सर्वांत जवळची मोठी शेजारीण देवयानी दीर्घिका (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह), ती साधारण २५ लाख प्रकाशवर्षं दूर. या वेगाने तिथवर पोचायला ४,४०० कोटी वर्षं लागतील आणि विश्वाचं वय आहे जेमतेम १,३८० कोटी. शिवाय देवयानी स्वतःच सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर वेगाने आपल्याकडे सरकतेय. म्हणजे यान पाठवण्यापेक्षा वाट बघत बसणं परवडेल!

पण जाता आलं नाही, तरी बघता येतं आणि त्यासाठी दुर्बीण लागतेच असं नाही. महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एकूण एक तारा आपल्याच आकाशगंगेतला आहे. मॅगेलनचे ढग या दोन छोट्या दीर्घिका बाहेरच्या, पण ते ढग इतके दक्षिणेला की आपल्याकडून क्षितिजाच्या धुरळ्यातच राहतात. त्यामुळे आपल्या वाट्याला आकाशगंगेबाहेरची म्हणावी अशी एकच गोष्ट येते, ती म्हणजे देवयानी.

१. रात्र आणि जागा ठरवा

पाऊस संपल्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ चांगला. दिवाळीची अमावस्या काळोखी असते खरी, पण फटाक्यांच्या धुराने सगळं वाया जातं. त्यापेक्षा कार्तिक किंवा मार्गशीर्ष अमावस्येच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस धरा. नोव्हेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास आणि डिसेंबरच्या मध्यावर आठ वाजताच देवयानी उत्तरेला सर्वांत उंच आलेली असते.

मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी ती दिसण्याची आशा धरू नका. शहराचा उजेड मागे टाकून एखाद्या गावाकडच्या माळावर जा. विदर्भातल्यांची चैन आहे: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. एकट्याने जायचं नसेल, तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्यासारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाला नाव नोंदवा.

२. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या

पोचल्यावर वीस-तीस मिनिटं नुसतं अंधारात बसायचं. मोबाइल खिशातच राहू दे. एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बॅटरी लागणारच असेल, तर तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा.

३. चौकोनापासून सुरुवात करा

उत्तरेकडे तोंड करून मान पूर्ण वर करा. जवळजवळ डोक्यावरच चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांच्या ताऱ्यांनी तो बनलाय. तारे फार तेजस्वी नाहीत, पण चौकोनाच्या आत जवळपास काहीच नाही, म्हणून ओळखू येतो.

आता त्याचा ईशान्येकडचा, म्हणजे उत्तरेकडे बघताना उजव्या हाताचा खालचा कोपरा पकडा. तिथून उजवीकडे खाली ताऱ्यांची एक ओळ निघते. पहिला मंद तारा सोडा, दुसऱ्यावर थांबा. हा किंचित तांबूस आहे. इथे काटकोनात डावीकडे वळून उत्तरेकडे, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या रोखाने, चालू लागा. साधारण चार अंशांवर, म्हणजे हात ताठ धरला तर तीन बोटांपेक्षा थोडं कमी, एक मंद तारा लागेल. तितकंच, जरा कमीच, पुढे गेलात की त्याहूनही मंद दुसरा. या दुसऱ्याच्या अगदी जवळ, डाव्या अंगाला, काचेवर कुणी श्वास सोडावा तसा धुरकट ठिपका आहे. हीच देवयानी दीर्घिका.

वाट चुकली, तर शर्मिष्ठेवरून या. उत्तरेला इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे दिसतात. त्यातलं जे टोक जास्त अणकुचीदार, ते बाणासारखं देवयानीकडे रोखलेलं असतं.

४. थेट बघू नका

हे विचित्र वाटेल, पण ठिपक्याच्या थोडं बाजूला नजर ठेवली की तो जास्त स्पष्ट होतो. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांतले बरेचसे इथेच अडकतात आणि 'काही नाहीये' म्हणून परत फिरतात.

५. दुर्बीण घेण्याआधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या

माझं स्पष्ट मत आहे की, खोक्यावर '५२५ पट' छापलेली, डुगडुगत्या स्टँडची दुर्बीण हे पैसे पाण्यात घालण्याचं साधन आहे. देवयानीचा पसारा फोटोत सुमारे तीन अंश भरतो, म्हणजे ओळीने सहा पौर्णिमेचे चंद्र. मोठ्या वर्धनात तिचा गाभा तेवढा मावतो. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री भिंतीला टेकून धरली, तर लांबट अंडाकार छान कळतो. रंग मात्र दिसणार नाहीत, सर्पिल बाहूही नाहीत. ती करामत कॅमेऱ्याच्या दीर्घ उद्भासनाची (लाँग एक्स्पोजरची).

या ठिपक्याचा जुना पंचनामा मनोरंजक आहे. इसवी सन ९६४ च्या सुमारास इराणात अल-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने त्याची 'छोटा ढग' अशी नोंद केली. पुढे हजारेक वर्षं हा ढग आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर, याचा पत्ता नव्हता. १९२० मध्ये त्यावर शॅप्ली आणि कर्टिस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांचा जाहीर वाद झाला, निकाल लागला नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेच्या प्लेटवर एका ताऱ्याला आधी 'नोवा' (अचानक उजळणारा तारा) समजून 'एन' लिहिलं, मग तो खोडून 'व्हीएआर!' असं लिहिलं. तो रूपविकारी (व्हेरिएबल), म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा होता, आणि त्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता आलं. हबलचा आकडा सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं आला, प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी. पण देवयानी आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे सांगायला तेवढा पुरेसा होता.

६. पुढे जायचं असेल तर

दीर्घिकांचे आकार ओळखण्याचं काम 'गॅलक्सी झू' या संकेतस्थळावर २००७ पासून सामान्य लोक करताहेत. फोटो बघायचा आणि गोल की सर्पिल, असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पदवी लागत नाही. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला सुरुवातीच्याच वर्षी एका दीर्घिकेशेजारी एक चमत्कारिक चकाकता डाग दिसला. तो तज्ज्ञांनाही नवा होता आणि आज तिच्याच नावाने ओळखला जातो.

आणि फेब्रुवारीत नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन या. तिथे आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. शाळांच्या बसेसची गर्दी असते, सकाळी लवकर निघा.