शनिवारची रात्र डोंगरात: खूण न ठेवता मुक्काम कसा करावा

राजगडाच्या पद्मावती माचीवर मी पहिल्यांदा राहिलो, तेव्हा तीन दगड गोळा करून चूल मांडली, खिचडी शिजवली, सकाळी राख पायाने सारली आणि उतरलो. पुढच्या वर्षी गेलो तर ते तीन दगड तिथेच होते, काळेठिक्कर. आजूबाजूला तशाच आणखी दहा-अकरा चुली. त्यातल्या एकीचा दगड घडीव होता, एका अंगाला छिन्नीचे माग स्पष्ट दिसत होते. कुठल्या तरी जोत्याचा नाहीतर तटाचा असणार. माझ्या तिनांत असा एखादा होता का, हे मी पाहिलंच नव्हतं.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आपल्या पुणे जिल्ह्यातले. म्हणजे गर्दी काही कमी होत नाही. भिंतीवर नावं कोरणाऱ्या आणि बाटल्या फोडणाऱ्या मंडळींसाठी हा लेख नाही, ते असले लेख वाचत नाहीत. 'आम्ही काय करतो बुवा, आम्ही तर साधी माणसं' असं म्हणत तीन दगड उचलणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी आहे.

1. दिवस आणि जागा

जमत असेल तर शनिवारची रात्र टाळा. पुढच्या सगळ्या सूचना एका पारड्यात टाकल्या तरी ही एकच जड भरेल. तिघांच्या तंबूला साधारण 7 बाय 7 फूट जागा लागते. असे पन्नास तंबू लागले की अडीच हजार चौरस फूट गवत एका रात्रीत आडवं होतं, आणि पुढच्या शनिवारी त्याच जागेवर पुन्हा पन्नास. मधल्या वारी गेलात तर जमिनीलाही उसंत मिळते आणि तुम्हालाही झोप.

गर्दी नको म्हणून रील बघून 'कुणालाच माहीत नसलेली' जागा शोधत जाऊ नका. आधीच मळलेल्या, गवत गेलेल्या जागी तुमच्या एका तंबूने फारसं बिघडत नाही. अस्पर्श सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर मात्र तुम्ही पहिले ठरता, आणि तुमचा फोटो पाहून दुसरे येतात. आठ-दहा जणांपेक्षा मोठा जथा नेऊ नका.

परवानगीचं आधी विचारा. लोहगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, तिथे वर रात्री थांबता येत नाही. भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे, शेकरूचं घर. अभयारण्यात वन विभागाला न विचारता तंबू ठोकायचा नसतो. पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि काही गडांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं, ते निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर गडावर राहूच नका. राजगडाला जात असाल तर पायथ्याच्या गुंजवणे गावात एखाद्या घराच्या ओसरीवर झोपा, रात्री तिथेच पिठलं-भाकरी खा, पैशांवरून घासाघीस करू नका आणि पहाटे चारला चढायला लागा. सूर्योदय तोच दिसतो. गावाला चार पैसे मिळतात आणि गावातलं संडास वापरायला मिळतं, ज्याचं महत्त्व पुढे कळेल.

पवनेकाठी तयार तंबू भाड्याने घेणार असाल तर फोनवर जेवणात काय आहे हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. संडासाचं पाणी कुठे जातं? कचरा कोण उचलतो आणि कुठे नेतो? रात्री दहानंतर स्पीकर बंद होतो का? 'सर, टेन्शन नका घेऊ' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. पानशेत-वरसगाव-खडकवासल्याचं पुण्याच्या. काठावर जे टाकाल ते कुठे पोचतं, ते वेगळं सांगायला नको.

2. सॅक भरताना

कचरा डोंगरात तयार होत नाही, तो घरातून जातो. बिस्किटांची, फरसाणाची पाकिटं घरीच फोडून सगळं डब्यात भरा. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आपल्या आज्यांनी प्रवासाचा हा मेनू कधीच ठरवून ठेवला आहे आणि त्याला ना चूल लागते ना पाकीट. नूडल्सच हव्या असतील तर छोटा गॅस स्टोव्ह घ्या, आणि रिकामं कॅनिस्टर परत आणा.

सोबत तीन मजबूत पिशव्या, एक घट्ट झाकणाचा डबा, बागकामाचं खुरपं आणि जुनी वर्तमानपत्रं घ्या. ओले वाइप्स घरी ठेवा. ते कागदासारखे दिसतात, पण बहुतेकांत प्लास्टिकचा धागा असतो.

3. चढताना

नागमोडी वाटेला फाटा देऊन सरळ वर जाणारी चोरवाट घेऊ नका. घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावलांनी गवत गेलेल्या चोरवाटेतून तेच पाणी धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. मग ती घळ चुकवायला लोक बाजूने तिसरी वाट पाडतात. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेने दर रविवारी चढणाऱ्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल.

चिखल असेल तर चिखलातूनच, एकामागे एक चला. बूट खराब होतील. व्हायचेच. कारवीला धरून चढू नका. ती सात वर्षांतून एकदा फुलते आणि तुमच्या हातात मुळासकट येते.

4. तंबू कुठे लावावा

उघडा मुरूम, कातळ किंवा आधीच झिजलेली जागा निवडा. पाण्याच्या टाक्यापासून किमान साठ मीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशीएक पावलं. वाऱ्याने तंबू उडतो म्हणून तटाचे, जोत्याचे दगड ओढून आणू नका. त्याऐवजी एका पिशवीत खालची सुटी माती भरून ती दोरीला बांधा, सकाळी माती परत ओता. पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती चर खणायची जुनी सवयही सोडा. पुढच्या पावसात माती तिथूनच वाहू लागते.

एप्रिल-मे महिन्यांत उघड्या माळावर बॅग टेकवण्याआधी दोन मिनिटं उभे राहा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडायला लागली, तर ती तुम्हाला हुसकावते आहे. तिची अंडी जमिनीवरच, खड्यांत खडे मिसळल्यासारखी असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. रातवा हा पक्षीही असाच जमिनीवर अंडी घालतो, तोही पाचोळ्याच्या रंगाचा. टिटवी गप्प होईपर्यंत मागे सरका आणि तिथून पुढे दुसरी जागा शोधा.

5. चूल

पेटवू नका. राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, पण कायद्याची भीती घालून कुणी ऐकल्याचं मी पाहिलेलं नाही. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीचं गवत वाळून कोळ होतं, ठिणगी वाऱ्याने कुठे जाते ते कळत नाही, आणि वणवा लागला की तो विझवायला खालच्या गावातली माणसं हातात हिरव्या फांद्या घेऊन रात्री धावतात. तुम्ही तोवर पुण्याच्या चांदणी चौकात पोचलेले असता. सरपण म्हणून उचललेलं वाळकं लाकूडही रिकामं नसतं. त्यात पाली, विंचू, वाळवी, बुरशी असा सगळा संसार असतो.

शेकोटीशिवाय मजा नाही म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक गटात असतो. त्याला कानटोपी द्या.

6. टाक्याचं पाणी

कातळात कोरलेली टाकी हा गडांवरचा सगळ्यात नाजूक भाग. उन्हाळ्यात तेवढंच पाणी माणसांना, माकडांना आणि पाखरांना पुरवायचं असतं. म्हणून टाक्यात उतरू नका, हात-पाय धुवायला पायरीवर बसू नका. स्वच्छ भांड्याने पाणी काढा, लांब नेऊन वापरा. ताटं साबणाशिवाय, कोरड्या वर्तमानपत्राने पुसा आणि तो कागद पिशवीत टाका. अंगाला सनस्क्रीन चोपडलेलं असेल तर पोहण्याचा मोह आवरा, त्याची तेलकट साय दिवसभर पाण्यावर तरंगते.

7. ज्याबद्दल कुणी बोलत नाही

ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुटांबद्दल चाळीस मेसेज येतात, शौचाबद्दल एकही नाही. आणि पहाटे साडेपाचला माचीवर जाऊन बघा, सगळ्यात मोठी अडचण तीच असते. तटाच्या आडोशाला, बुरुजामागे, चोरदरवाज्याच्या वाटेवर पांढरे कागद.

परदेशी पुस्तकं सांगतात की सहा ते आठ इंच खड्डा करा, काम झालं की मातीने बुजवा. सल्ला योग्य आहे, पण ती पुस्तकं सह्याद्रीसाठी लिहिलेली नाहीत. गडमाथ्यावर बऱ्याच ठिकाणी खुरपं दोन इंचांवर कातळाला ठण्‌कन लागतं. तेव्हा क्रम असा ठेवा. पहिलं, पायथ्याच्या गावातच उरकून चढा. दुसरं, वर वेळ आलीच तर टाक्यापासून ऐंशी पावलं लांब जा, आणि टाक्याच्या वरच्या उताराला तर मुळीच जाऊ नका, पावसात सगळं तिकडेच उतरतं. खोल माती असेल तिथे सहा इंच खणा आणि नीट बुजवा. तिसरं, माती नसेल तर वर्तमानपत्रावर काम उरका, गुंडाळा, दोन पिशव्यांत बांधा आणि त्या झाकणाच्या डब्यात टाकून खाली आणा. किळस वाटते? मलाही पहिल्यांदा वाटली होती. शहरात कुत्रा फिरवणारे हेच रोज सकाळी करतात.

आपल्याकडे कागदाऐवजी पाणी वापरतात, ही आपली जमेची बाजू. बाटली न्या, साबण नको. सॅनिटरी पॅड कुठेही पुरायचे नाहीत, जनावरं उकरून काढतात. त्यांच्यासाठी वेगळी गडद पिशवी ठेवा आणि मोहिमेच्या पुढाऱ्याने हे निघण्याआधी सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगावं. म्हणजे कुणा मुलीला कोपऱ्यात जाऊन विचारावं लागत नाही.

8. रात्र

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे. दरीत आवाज किती लांब जातो हे ऐकायचं असेल तर एकदा खालच्या वाडीत झोपून वरच्यांची गाणी ऐका.

मे अखेर-जूनमध्ये काजवे पाहायला राजमाचीला जात असाल तर मोबाइलचा उजेड बंद ठेवा आणि वाट सोडू नका. काजव्याची लुकलुक म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते, बॅटरीच्या झोतात ती हाक बुडते. त्यांच्या अळ्या ओल्या पाचोळ्यात वाढतात, गोगलगाई खातात. झाडाजवळून सेल्फी घ्यायला पाचोळ्यात शिरलात तर पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली जातात. फोटो नाहीतरी काळाच येतो.

उरलेली पोळी माकडांना घालू नका. सिंहगडावर दह्याचं मडकं हातातून ओढणारी माकडं तशी जन्माला आली नव्हती.

9. निघताना

तंबू गुंडाळला की सगळ्यांनी हातभर अंतराने एका ओळीत उभं राहून त्या जागेवरून एकदा हळू चालत जायचं. पाकिटांचे फाडलेले कोपरे, बाटल्यांच्या झाकणाखालच्या कड्या आणि शेंगांची टरफलं हमखास सापडतात. संत्र्याची सालंही उचला, 'कुजेल की' म्हणून टाकलेली सालं कोरड्या माथ्यावर कित्येक महिने तशीच पडून असतात. कचरा पायथ्याच्या कुंडीत कोंबू नका. त्या गावाकडे घंटागाडी येत नाही, तुमच्या सोसायटीत येते.

शेवटचं काम बुटांचं. मोजे आणि नाड्या कुसळांनी भरलेल्या असतात, त्यांत काळ्या सुयांसारख्या बियाही असतात. त्या पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसच्या. पुण्याच्या टेकड्यांवर हे परदेशी फूल आता सगळीकडे पसरलं आहे आणि खालचं स्थानिक गवत दाबून टाकतं. बिया तिथल्या तिथे झटकू नका, घरी येऊन वर्तमानपत्रावर वेचा, पुडी बांधा आणि सुक्या कचऱ्यात टाका. बुटांचे तळवे जुन्या टूथब्रशने घासा. पुढच्या वेळी दुसऱ्या गडावर जाल, तेव्हा हे आधीच झालेलं असेल.