दिलेली सगळी अक्षरं असलेले इंग्रजी शब्द: ग्रेपने नेमके कसे गाळले

ग्रेप म्हणजे फाइलमधल्या, दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधून देणारी कमांड. लक्षण असं: ए, आर, टी ही तिन्ही अक्षरं असलेले शब्द हवेत, पण यादीत 'कॅट'सुद्धा येतो. त्यात आर कुठंय?

नमुन्यात चौकटी कंसात तिन्ही अक्षरं टाकली होती. त्या कंसाचा अर्थ 'यांपैकी कोणतंही एक'. मग अक्षरांमध्ये टिंब-तारा (म्हणजे मधे काहीही चालेल) घातले, तर 'हार्ट' सापडला आणि 'वॉटर' गळला, कारण त्या नमुन्यात क्रम पक्का होतो. यात अख्खी संध्याकाळ गेली.

चाललं ते साखळीने. शब्दांच्या फाइलवर आधी फक्त ए साठी ग्रेप, त्याचं आउटपुट उभ्या रेघेने, म्हणजे पाइपने, आर च्या ग्रेपला, तिथून टी च्या. पहिल्या ग्रेपलाच नव्हे, प्रत्येकाला 'डॅश आय' द्या, नाहीतर कॅपिटल अक्षरं निसटतात. क्रम कुठलाही चालतो. दुर्मिळ अक्षर आधी घेतलं की यादी लवकर आटते, एवढंच.

एकच अक्षर दोनदा हवं असेल तर तोच ग्रेप दोनदा लावून काही होत नाही. ई, टिंब, तारा, ई असा नमुना द्या: 'लेटर' म्हणजे पत्र राहतं, 'लेटर' म्हणजे नंतर गळतं. (उदाहरण मुद्दाम घेतलंय, देवनागरीत दोन्ही सारखेच.)

लांबी शेवटी तपासा: कॅरेट (ओळीची सुरुवात), पाच टिंबं (प्रत्येकी कोणतंही एक अक्षर), डॉलर (ओळीचा शेवट). इथे पाचऐवजी चार अक्षरी शब्द आले तर फाइल विंडोजवरची आहे. ओळीच्या टोकाचं अदृश्य कॅरेज रिटर्न अक्षर म्हणून मोजलं जातं. ते 'टीआर' कमांडच्या 'डॅश डी'ने आधी काढून टाका.