प्लेट धडधडली म्हणून हुरळू नका

दहाव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशींचं जाळं एका लयीत आकसताना दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढायचा मोह कुणालाच आवरत नाही. खुशाल काढा. त्वचेची किंवा रक्ताची पेशी यामानाकांच्या चार जनुकांनी (क्योटो, 2006) मागे नेऊन आयपीएस, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणारी मूळ पेशी, करायची आणि तिला पुन्हा हृदयपेशी बनवायची, हे आहेच तसं. घोळ पुढे होतो.

आधी गप्प, म्हणजे न धडधडणाऱ्या, प्लेटचं बघू. बहुतेक वेळा दोष सीएचआयआर (आयपीएस पेशींना हृदयपेशी व्हायच्या वाटेला लावणारं रसायन) घालायच्या दिवशी पेशी किती दाट आहेत, यात असतो. पेशी विरळ असतील तर दुसऱ्या दिवशी निम्म्या मरून तरंगत असतात. दुसऱ्या लॅबचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. प्रत्येक लाइनसाठी (एकाच व्यक्तीपासून वाढवलेल्या पेशींसाठी) दाटी आणि सीएचआयआरची मात्रा दोन्ही एकाच प्लेटवर लावून बघा. दुसरी हमखास चूक बी-27 या पेशींच्या पोषकद्रवात घालायच्या मिश्रणाची: पहिले काही दिवस इन्सुलिन नसलेलंच हवं, आणि बाटल्या दिसायला सारख्या! तरीही काही हलत नसेल तर मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारा जंतू) तपासा. पॅसेज (पेशी नव्या प्लेटवर हलवण्याचे फेरे) फार झाले असतील तर गुणसूत्रंही, पण 20क्यू11.21 या विसाव्या गुणसूत्रावरच्या भागाची छोटी वाढीव प्रत साध्या जी-बँडिंगमधून (गुणसूत्रं रंगवून बघायच्या तपासणीतून) निसटते.

आता धडधडणारी प्लेट. या पेशी गर्भातल्या हृदयासारख्या असतात: टी-ट्यूब्यूल (आकसण्याचा संदेश पेशीत आतवर नेणाऱ्या बारीक नळ्या) जवळपास नाहीत, ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजवर. आपणहून ठोके देणं हेच कच्चेपणाचं लक्षण, कारण प्रौढ जवनिकेची पेशी तसं करत नाही. त्यामुळे दहाव्या दिवशी औषध घालून निष्कर्ष काढू नका. ग्लुकोज काढून लॅक्टेटवर ठेवलं की हृदयपेशी सोडून इतर पेशी गळतात. मग निदान महिनाभर वाढू द्या.

रुग्णाच्या पेशींशी तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, लॅबमधल्याच एखाद्या धडधाकट मित्राचं रक्त घेणं तर आपल्याकडे विशेष धोक्याचं. एमवायबीपीसी3 जनुकातली 25 अक्षरांची तूट दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत असते आणि तिचा संबंध हृदयस्नायूच्या आजाराशी आहे. रुग्णाच्याच पेशीतला दोष क्रिस्पर या जनुक-कात्रीने दुरुस्त करून ती जोडीला ठेवा.

उपचारांबाबत घाई नको. ओसाकात 2020च्या जानेवारीत अशा पेशींचा पापुद्रा रुग्णाच्या हृदयावर बसवला, पण तो चाचणीचा भाग होता. माकडांच्या हृदयात पेशी टोचल्यावर ठोके बिघडल्याचंही दिसलंय. कुणी नातेवाईक ‘हृदयासाठी स्टेम सेल, इतके लाख’ असं पत्रक घेऊन आले, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक विचारायला सांगा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयरोगावर असे उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाहीत.