बंद ड्रममध्ये खत करताय? आधी तळाच्या पाण्याचं बघा

लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घरोघरी निळे ड्रम घेतले गेले, तसलाच ५० लिटरचा एक आमच्याकडं रिकामा पडून होता, त्यातच मी खतासाठी घरचा भाजीचा कचरा आंबवायला सुरुवात केली. झाकण घट्ट बसणारा कोणताही ड्रम चालतो. तळाला तोटी बसवा, आत चार इंच खडी, तिच्यावर कांद्याची जाळीदार गोणी.

कचरा आंबवायच्या विरजणासाठी गव्हाचा कोंडा, थोडा गूळ आणि आंबट ताक कालवून हवाबंद पिशवीत दोन आठवडे सावलीत ठेवा.

आता खरी अडचण. मोबाईलवर जो तो सांगतो की रोज पाणी शिंपडा. अजिबात शिंपडू नका! भाजीच्या कचऱ्यात मुळातच बहुतेक पाणी असतं आणि बंद ड्रममधून ते वाफ होऊन जात नाही, सगळं तळाला साचतं आणि सडतं. पहिल्या वेळी माझ्या ड्रमला तोटी नव्हती, वरून कलिंगडाच्या साली तशाच कोंबल्या, तीन आठवड्यांनी झाकण काढलं तर सडक्या अंड्यासारखा वास आणि कडेनं वळवळणाऱ्या अळ्या, सगळं लांब नेऊन पुरावं लागलं.

तेव्हापासून कचरा बारीक चिरून, रात्रभर चाळणीत निथळवूनच टाकते. प्रत्येक थरावर मूठभर विरजणाचा कोंडा आणि ओंजळभर कोरडं सोयाबीनचं भुसकट, मग वरवंट्यानं दाबून आतली हवा काढायची आणि झाकण लगेच लावायचं. दर दोन दिवसांनी तोटी सोडायचीच. निघालेलं पाणी आंबट असतं, शंभरपट साधं पाणी घातल्याशिवाय झाडाला देऊ नका, मुळं जळतात. मूठभर माल पिळून बघा, एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर भुसकट वाढवा. वास लोणच्यासारखा आंबट हवा. पांढरी बुरशी चालते, काळी-हिरवी आली तर तेवढा थर काढून टाका.

ड्रम सावलीतच ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली आतला माल शिजतो.

भरला की दोन-तीन आठवडे उघडायचा नाही. नंतर जे निघतं ते खत नाही, नुसता आंबलेला कचरा आहे, हे कुणी सांगतच नाही. तो मातीत कालवून वर वीतभर माती ओढा. तीनेक आठवड्यांनी उकरून बघा, मेथीचे देठ अजून ओळखू येत असतील तर वांग्याची रोपं लावायची घाई करू नका, आणखी आठवडाभर झाकून ठेवा.