ऑस्ट्रेलियातलं सोन्याचं लायसन्स (1851 ते 1855): लिहिताना-वाचताना या चुका टाळा

मेलबर्नमध्ये आता आपली मराठी माणसं भरपूर आहेत, मुलांना शाळेत गोल्ड रशचा प्रोजेक्ट मिळतो, सुट्टीत बॅलरॅटची ट्रिप होते, आणि मग व्हॉट्सॲपवर, पोस्टमध्ये, व्हिडिओत तेच एक वाक्य फिरत राहतं की सरकारने जास्त टॅक्स लावला म्हणून खाणवाल्यांनी युरेकाचं बंड (बॅलरॅट, डिसेंबर 1854) केलं. हे अगदीच खोटं नाहीये पण यात मूळ गोष्टच निसटते. लोक चिडले ते सोनं खणायच्या लायसन्सच्या वसुलीच्या पद्धतीवर. पैसे आगाऊ भरायचे, सोनं मिळो न मिळो भरायचे, पोलीस घोड्यावरून येऊन कागद मागणार, आणि ज्याच्याकडून पैसे घेताय त्याला साधं मत द्यायचाही अधिकार नाही. एवढं लक्षात ठेवलं तर खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

सगळ्या काळाला एकच फी लावणं

ही चूक सगळ्यात कॉमन. "महिन्याला 30 शिलिंग" हा आकडा सगळीकडे चिकटवला जातो, अगदी 1854 च्या युरेकालाही, आणि तिथे तो चुकीचा आहे. व्हिक्टोरिया वसाहत 1 जुलै 1851 ला न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली, ऑगस्टमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स ला ट्रोब यांनी जाहीरनामा काढला की वसाहतीतलं सोनं ब्रिटिश राजसत्तेचं, आणि 1 सप्टेंबरपासून महिन्याला 30 शिलिंग भरून लायसन्स घ्यायचं. डिसेंबरमध्ये त्यांनी ती फी थेट दुप्पट, म्हणजे 3 पौंड करायचं ठरवलं. त्यावर 15 डिसेंबर 1851 ला फॉरेस्ट क्रीकच्या खाणींवर प्रचंड सभा भरली, हजारो माणसं जमली, आणि ती वाढ शेवटी लागूच झाली नाही. त्यामुळे "3 पौंड फी होती" असं कुठे वाचलंत तर ते सोडून द्या. मग 1853 मध्ये बेंडिगोच्या लोकांनी 5 हजारांवर सह्यांचा अर्ज दिला, निषेध म्हणून टोपीला लाल फीत लावून फिरले, आणि त्या वर्षाच्या शेवटी नवे दर आले: एका महिन्याला 1 पौंड, तीन महिन्यांना 2, सहा महिन्यांना 4 आणि वर्षाला 8 पौंड. युरेकाच्या वेळी हे दर चालू होते. म्हणजे फी कमी झाल्यावर बंड झालंय! "टॅक्स जास्त म्हणून बंड" हे वाक्य इथेच अडखळतं.

जुन्या लायसन्सचा फोटो हातात असेल तर आधी तारीख बघा आणि मग फीबद्दल बोला.

शिलिंगाचे आजचे रुपये करत बसणं

कृपा करून नका करू. त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा सोन्यातच मोजा, कारण भरणाऱ्यालाही शेवटी सोन्यातूनच भरायचं होतं. 20 शिलिंगांचा एक पौंड, आणि खाणीवर औंसाला साधारण 3 पौंडांच्या आसपास भाव मिळायचा, म्हणजे 30 शिलिंग म्हणजे जवळपास अर्धा औंस, आपल्या हिशोबात सव्वा तोळ्याच्या थोडं वर. दर महिन्याला, माणशी. ज्याला घबाड लागलं त्याला हे काहीच नाही आणि ज्याच्या हाताला नुसती माती लागली त्यालाही तेवढेच. त्याच काळात मेंढपाळीची प्रचंड कुरणं धरून बसलेले जमीनदार होते, त्यांच्या कुरणाची लायसन्स फी वर्षाला 10 पौंडांपासून सुरू व्हायची, आणि खाणवाल्याचे 30 शिलिंगांप्रमाणे वर्षाचे 18 पौंड. ही तुलना मी करत नाहीये, ती खाणवाले स्वतः सभांमध्ये करत होते.

लायसन्स म्हणजे जमिनीची मालकी समजणं

नाही. लायसन्सने फक्त खणायची परवानगी मिळायची, आणि तीही मोजून. लायसन्सच्याच कागदावर नियम छापलेले असायचे: एका माणसाला 12 फूट बाय 12 फूट, म्हणजे 144 चौरस फूट, दोघांच्या जोडीला 288, चौघांना 576, आणि एका क्लेममध्ये (खणायला मिळालेल्या तुकड्यात) त्याच्या वर कितीही माणसं आली तरी जागा वाढणार नाही. 144 चौरस फूट म्हणजे आपल्या जुन्या चाळीतली एक खोली, तेवढ्यात खड्डा, मातीचा ढीग, दोर, बादली सगळं. त्याच कागदावर हेही होतं की लायसन्स अंगावर बाळगायचं आणि मागितलं की दाखवायचं, दुसऱ्याला देता येणार नाही (दुसऱ्याचं वापरलं तर गुन्हा), रस्ता खराब होईल असं खणायचं नाही, दुकानाजवळ जायला-यायला जागा सोडायची, आणि रविवार पाळायचा. प्रोजेक्टसाठी एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर या कागदाची मागची-पुढची बाजू वाचा.

फक्त आकडे बघून थांबणं, शाफ्टचा (खोल उभ्या खड्ड्याचा) विचारच न करणं

इथे मला जरा जास्त लिहायचंय कारण हे कुणी सांगतच नाही. सुरुवातीला सोनं ओढ्याकाठी, वरवरच्या मातीत होतं, परात-चाळणी घेऊन बसलं की काही ना काही मिळायचं. 1853-54 पर्यंत बॅलरॅटला ते दिवस संपले. तिथलं सोनं जुन्या, गाडल्या गेलेल्या नद्यांच्या पात्रात होतं, तिथवर जायला 100 फुटांच्या वर खोल शाफ्ट मारावी लागायची, वाटेत पाणी लागायचं, बाजू ढासळू नयेत म्हणून लाकडं लावायची, चार-सहा जणांची टोळी महिनोन्महिने खपायची आणि तळाला गेल्यावर कळायचं की पात्र बाजूने गेलंय, इथे काहीच नाही. त्या सगळ्या महिन्यांचं लायसन्स मात्र प्रत्येकाने भरलेलं हवं.

आता त्यात तपासणी घाला. चार्ल्स हॉथम जून 1854 मध्ये ला ट्रोब यांच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आले, तिजोरी रिकामी होती, त्यांनी आठवड्यातून दोनदा लायसन्स तपासायचा हुकूम काढला. वर घोड्यावरचे आणि पायी पोलीस आले की "जो! जो!" अशी आरोळी सगळ्या छावणीभर जायची (ला ट्रोब यांचं मधलं नाव जोसेफ, तिथून ती आली), आणि खाली कमरेभर पाण्यात उभा असलेला माणूस दोराला धरून शंभर फूट वर येणार, चिखलाने भरलेल्या हातांनी कागद दाखवणार, पुन्हा खाली जाणार. कागद ओला होऊन फाटेल म्हणून तंबूत ठेवला असेल तर लायसन्स भरलेलं असूनही तो पकडला जायचा, कारण नियम "अंगावर" असा होता. पहिल्यांदा सापडला की 5 पौंड दंड. म्हणजे महिन्याच्या फीच्या पाचपट! सुरुवातीच्या काही वर्षांत तर दंडातला अर्धा वाटा पकडणाऱ्या पोलिसाला मिळायचा, मग तो कशाला कुणाला तंबूपर्यंत जाऊ देईल.

लायसन्सचा त्रास फक्त खणणाऱ्यांना होता असं समजणं

दुकानदाराला वेगळं आणि महागडं लायसन्स होतं, वर्षाला 50 पौंड. आणि ज्याचा खणण्याशी काही संबंध नाही असाही माणूस सापडला. ऑक्टोबर 1854 मध्ये बॅलरॅटला फादर स्मिथ यांचा आर्मेनियन नोकर योहानेस ग्रेगोरियस, पायाने अधू, एका आजारी माणसाच्या तंबूपाशी असताना पोलिसाने लायसन्स मागितलं, मारहाण केली, त्याला दंडही झाला. पाद्र्याच्या नोकराला लायसन्स लागतच नव्हतं. बॅलरॅटच्या कॅथलिक आयरिश लोकांमध्ये यावरून जो संताप उसळला तो समजल्याशिवाय पुढचं समजत नाही.

युरेका म्हणजे एका रात्रीत पेटलेलं प्रकरण असं लिहिणं

तारखा नीट लावा. 7 ऑक्टोबर 1854 ला खाणवाला जेम्स स्कोबीचा खून, त्याचा आरोप असलेला हॉटेलवाला बेंटली सुटला, 17 तारखेला लोकांनी युरेका हॉटेल जाळलं. 11 नोव्हेंबरला बेकरी हिलवर बॅलरॅट रिफॉर्म लीग ही खाणवाल्यांची संघटना उभी राहिली आणि तिच्या मागण्यांत लायसन्स रद्द करण्याइतकाच मताचा अधिकारही होता. 29 ला लायसन्सं जाळली, 30 ला कमिशनर रोबर्ट रीड यांनी तरीही तपासणी काढली, त्याच दिवशी बंडवाल्यांचे नेते पीटर लेलर यांनी सदर्न क्रॉस झेंड्याखाली शपथ दिली, आणि 3 डिसेंबरला, रविवारी पहाटे, सैन्याने खाणवाल्यांनी उभारलेल्या लाकडी कुंपणावर हल्ला केला. किमान 22 खाणवाले मेले.

आणि लायसन्स त्या दिवशी संपलं नाही, हेही बऱ्याच जणांचं चुकतं. ते संपलं 1855 मध्ये, मार्चमध्ये चौकशी आयोगाचा रिपोर्ट आल्यावर. त्याऐवजी वर्षाला 1 पौंडाचा मायनर्स राईट (खाणवाल्याचा नवा परवाना) आला, त्याच्यासोबत मत आलं, क्लेमचे वाद सोडवायला निवडून दिलेली स्थानिक कोर्टं आली, आणि सरकारचं उत्पन्न बाहेर जाणाऱ्या सोन्यावर औंसामागे अडीच शिलिंग अशा करातून यायला लागलं. ज्याला मिळेल तो देईल, हे लोक तीन-चार वर्षं ओरडून सांगत होते. देशद्रोहाच्या खटल्यातले 13 जण सगळे सुटले होते, आणि लेलर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधान परिषदेवर निवडून गेले.

चिनी खाणवाल्यांवरचा कर यात मिसळणं

तो वेगळा कायदा, 1855 चा. जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंड, आणि जहाजाच्या 10 टनांमागे एकच चिनी प्रवासी. म्हणून कितीतरी जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरून तिथून व्हिक्टोरियाच्या खाणींपर्यंत शेकडो किलोमीटर चालत गेले. ज्या वर्षी बाकीच्यांना मत मिळालं त्याच वर्षी हा कर आला, त्यामुळे "युरेकाने सगळ्यांना हक्क दिले" असं लिहायच्या आधी थांबा.

तसंच कॅलिफोर्नियाचा 1850 चा महिन्याला 20 डॉलरचा कर फक्त परदेशी खाणवाल्यांवर होता, तो इथे आणू नका. कोलारशी तुलना तर नकोच, तिथे कंपनी आणि पगारी मजूर, माणशी लायसन्सचा प्रश्नच नव्हता.

एक कामाची गोष्ट: मायनर्स राईट व्हिक्टोरियात आजही चालू आहे, आता एकदा काढला की 10 वर्षं चालतो. म्युझियममध्ये पाण्यात सोनं चाळायला तो लागत नाही, पण ट्रिपला गेल्यावर मेटल डिटेक्टर घेऊन रानात उतरायचं असेल तर आधी काढा, आणि नॅशनल पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी तो असूनही खणता येत नाही, तेही बघून घ्या.