इंग्रजी गिरवायला कुठला फॉन्ट घ्यायचा?

आमच्या बेळगाव-खानापूरकडची पोरं मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या लहानपणीच शिकतात, त्यात मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं आणि इंग्रजी खालच्या रेघेवर बसतं, त्यामुळं सुरुवातीला हात गोंधळतोच. मी भाचीला गिरवायला नेहमीच्या पुस्तकी फॉन्टमध्ये पान काढून दिलं, तर ती स्मॉल ए डोक्यावरच्या वाकड्या हुकासकट काढायला लागली, समोर तसाच छापलेला होता की!

म्हणून आधी स्मॉल ए आणि जी टाइप करून बघा. ए म्हणजे गोल आणि उजवीकडं दांडी, जी म्हणजे गोल आणि खाली वळलेली शेपटी, आपण हातानं काढतो तसंच दिसायला पाहिजे. मग कॅपिटल आय, स्मॉल एल आणि इंग्रजी एकचा आकडा शेजारी शेजारी टाइप करा, वेगळे ओळखू येत नसतील तर तो फॉन्ट सोडा.

मला अँडिका सगळ्यात बरा वाटतो, एसआयएल संस्थेनं नवीन वाचायला शिकणाऱ्यांसाठीच बनवलाय आणि फुकट मिळतो. कॉमिक सॅन्सला लोक नावं ठेवतात, पण १९९४ चा हा फॉन्ट विंडोजमध्ये असतोच आणि त्याचा ए अगदी हातासारखा आहे, खुशाल वापरा. कर्सिव्हसाठी गूगल फॉन्ट्सवर प्लेराइट आहे, त्यात भारताचा वेगळा प्रकारसुद्धा आहे, पण सुटी अक्षरं बसल्याशिवाय तिकडं जाऊ नका. लग्नपत्रिकेवरचे वेलबुट्टीवाले फॉन्ट तर नकोच.

साइज चाररेघी वहीवर ठरवायचा, स्मॉल ए मधल्या दोन रेघांत बरोबर बसला पाहिजे आणि बीची दांडी वरच्या रेघेपर्यंत गेली पाहिजे. ठिपक्यांचे फॉन्ट मला पटत नाहीत, पोरं अक्षर न काढता ठिपके जोडत बसतात आणि हात अडखळतो. त्यापेक्षा साध्या फॉन्टला फिकट करडा रंग द्या, पण फार फिकट नको, झेरॉक्समध्ये उडून जातो. आणि अक्षर कुठनं सुरू करायचं हे फॉन्ट सांगत नाही, तेवढा टिंब आणि बाण पेनानं तुम्हीच काढून द्या, पोराशेजारी बसून.

फाइल पीडीएफ करूनच प्रिंटला न्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की आपोआप दुसराच लागतो, आणि घरी आल्यावर कळतं की ए परत हुकाचाच आलाय.