सरळ वारा, घुसळलेला वारा आणि कूलरची ताटी

दारव्ह्याकडच्या आमच्या खळ्यावर आई तूर उपणायची. वारा एका अंगानं, एका जोरानं लागला की दाणे पायाशी आणि कुटार पलीकडे. वावधान सुटलं की ती सूप खाली ठेवायची, कारण कुटार फिरून दाण्यातच यायचं. पुढे डिप्लोमाला लॅमिनार (थराथरानं सरळ सरकणारा) आणि टर्ब्युलंट (घुसळलेला) प्रवाह शिकले, तेव्हा मनात घट्ट बसलं: सरळ वारा चांगला, घुसळलेला वाईट. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात ही समजूत अंगलट आली. मेकॅनिकलला नव्यानं आलेल्या मुलामुलींसाठी तेवढंच सांगते.

नागपुरात कूलर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी लागले होते. कूलरच्या बाजूला पाण्यानं भिजणाऱ्या गवताच्या ताटीत हवा अडते, हे मला खटकायचं. म्हणून पन्हाळीदार कागदाचे थर एकाच दिशेनं रचून सरळ नळ्यांची ताटी केली. हवा भरपूर आली, मी खूश. मिस्त्रींनी तोंडासमोर थर्मामीटर धरला. बाहेर ४३ अंश होतं. गवताची ताटी २७ ची हवा द्यायची, माझी ३१ ची. "ताई, वारा आहे, गारवा कुठं आहे?" एवढंच ते म्हणाले.

कारण वहीतच होतं. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. वेग कमी असताना धार दोऱ्यासारखी सरळ राहिली, वाढवल्यावर एका जागी विस्कटून सगळीकडे पसरली. वेग गुणिले नळीची रुंदी, भागिले त्या पाण्याची किंवा हवेची कायनेमॅटिक श्यानता (घनतेच्या मानानं चिकटपणा), म्हणजे रेनॉल्ड्स अंक. नळीत तो साधारण २३०० च्या खाली असला तर प्रवाह लॅमिनार. माझी नळी ७ मिलिमीटरची, हवेचा वेग सेकंदाला २ मीटर. अंक येतो ८०० च्या आसपास. म्हणजे ओल्या कागदाला लागून जाणारी हवा ओलाव्यानं भरत होती आणि मधली बरीचशी हवा थरांत सरकत कोरडीच बाहेर पडत होती. बाजारातल्या हनीकोंब पॅडमध्ये थर एकमेकांना तिरपे छेदतात, ते हवा सतत वळावी आणि मिसळावी म्हणून. गवताच्या ताटीत हेच काम वेड्यावाकड्या काड्या करतात. मला तो ओबडधोबडपणा वाटला होता.

पंख्याकडे मात्र उलटं. ४५ सेंटिमीटरच्या पंख्यातून सेकंदाला ५ मीटरनं हवा जाते तेव्हा अंक सव्वा लाखाच्या वर असतो, तिथे लॅमिनारची आशाच धरू नये. (आईचा 'सरळ' वाराही या हिशेबानं टर्ब्युलंटच, फक्त झोत एका दिशेचा.) पण नको तिथले भोवरे टाळता येतात. आमच्या कूलरचा घरघराट पत्र्याच्या धारदार कडेमुळे होता: हवा तिथे वळताना कडेपासून सुटायची आणि पात्याच्या टोकावर भोवरे आदळायचे. पातं आणि त्याभोवतीची रिंग यांच्यातली फटही एका बाजूला १५ मिलिमीटर होती. कडेला गोल वळण दिलं, फट सगळीकडून ५ वर आणली; त्याच मोटरवर आवाज कानाला कळेल इतका उतरला. मोटरचा वेग वाढवणं हा उपाय मला कधीच पटला नाही: वेग १० टक्के वाढला की पंख्याला लागणारी वीज ३३ टक्के वाढते, आणि गावात रात्री इन्व्हर्टरवर कूलर चालवणाऱ्याला ती भोगावी लागते.

अभ्यासाबद्दल थोडंच. फ्लुइड मेकॅनिक्सचे एनपीटीईएलचे (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षण उपक्रम) धडे मोफत आहेत, प्रवाहाचं गणित संगणकावर करणारं ओपनफोम हे सॉफ्टवेअरही. पण संगणकावरची रंगीत चित्रं नंतर बघा. सीमास्तराचं, म्हणजे पृष्ठभागाला लागून मंद होणाऱ्या पातळ थराचं, प्रकरण सोडू नका. लुडविग प्रांटल यांची १९०४ मधली ती कल्पना कळली की धारदार कड का ओरडते तेही कळतं. मुलाखतीत मला सूत्र कुणी विचारलं नाही. "हवा कुठे सुटते ते दाखवा," असं म्हणून समोर पंखा ठेवला होता.

घरी सुरुवात करायची तर पंखा बंद असताना शिवणाचे बोटभर दोरे कूलरच्या रिंगेवर टिकलीच्या गोंदानं चिकटवा, पात्यापर्यंत पोचणार नाहीत असे. मग चालू करून बाहेरूनच बघा. आमच्या घरच्या कूलरमध्ये सगळे दोरे हवेच्या दिशेनं ताठ होते, फक्त भिंतीकडच्या कोपऱ्यातले दोन उलटे फडफडत होते. कूलर भिंतीपासून हातभर सरकवला, तसे तेही वळले.